दुसरा जिना

प्रभाकर उमरीकर भित्रा होता. बायकोपासून कचेरीतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. साहेबांनी बोलावलं की आधी त्याच्या तळहातांना घाम फुटायचा, मग तो खुर्चीवरून उठायचा. आजोबा आणि वडील निजामाच्या सरकारात कारकुनी करून गेलेले. वरच्याला 'नाही' म्हणायचं नसतं, हे हैदराबादच्या जामबागेतल्या त्या घरात कुणी कुणाला शिकवावं लागत नसे.

त्यात छप्पन साल उजाडलं. हैदराबाद राज्य मोडणार, हे नक्की झालं. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, तेलंगण आंध्रात आणि कानडी जिल्हे म्हैसुरात. सरकारी नोकरांचीही वाटणी व्हायची होती. प्रभाकर बांधकाम खात्यात इमारतींचे नकाशे काढत असे; तिथे चहाच्या वेळी दुसरं बोलणंच नसे. प्रभाकरची बायको शांता जामबागेतच मुलींच्या शाळेत शिकवत होती, मुलगी भामा नुकती पहिलीत गेली होती. मराठवाड्याच्या वाट्याला गेलं तर औरंगाबादेत जावं लागणार, आणि तिथे त्यांचं ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं.

अशा दिवसांत त्याच्याकडे आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आलं. कोठी नावाच्या बाजारपेठेजवळच्या मोकळ्या जागेवर शहरासाठी एक इमारत उभारायची होती. खाली दुकानं, मधल्या मजल्यावर वाचनालय आणि बायकामुलांचा दवाखाना, वर सभागृह. प्रभाकर दुपारी त्या जागेवर जाऊन उभा राही, सावली कुठे पडते ते बघे. दवाखान्यात निघालेल्या बाईला दुकानांच्या पोत्यांतून वाट काढावी लागू नये, म्हणून त्याने रस्त्याच्या बाजूला लांबलचक व्हरांडा काढला. आणि दोन टोकांना दोन जिने.

त्याचे वरिष्ठ, हिम्मतराव साहेब, यांनी नकाशा पाहिला आणि एका जिन्यावर लाल पेन्सिलीने फुली मारली.

"इथे दुकानं बसवा. इमारतीच्या कमिटीत बेगम बाजारचे व्यापारी आहेत, त्यांना दुकानं हवीत."

"पण साहेब, वर सभागृह आहे. एवढी माणसं एकाच जिन्यानं..."

"उरलेला जिना थोडा रुंद करा." हिम्मतरावांनी आवाज खाली आणला. "कोण कुठल्या राज्यात जाणार, यावर माझा शेरा जाणार आहे, उमरीकर. आणि माझ्यावर वरच्यांचा. उगाच कुणाला नाराज करू नका."

"होय साहेब," प्रभाकर म्हणाला. टेबलाशी येऊन त्याने तो जिना खोडून टाकला. कागद तिथे घासून पातळ झाला.

त्याच आठवड्यात शांताच्या शाळेचं संमेलन होतं. शाळेत जागा नव्हती, म्हणून कोठीतल्या एका दुकानावरची माडी घेतली होती. प्रभाकर भामाला घेऊन मागे बसला होता. मुलींची नाटुकली रंगात आली असताना खालच्या दुकानातली पेट्रोमॅक्स भडकली, धूर वर आला आणि कुणीतरी ओरडलं, "आग!"

मग काय झालं ते प्रभाकरला नंतर नीट सांगता येईना. सगळी माडी एका अरुंद जिन्याकडे धावली. भामाला त्याने खांद्यावर घेतलं आणि तोही त्या लोंढ्यात ओढला गेला. चार पायऱ्या उतरतोय तोच पुढची माणसं थांबली आणि मागची रेटतच राहिली. छाती भिंतीवर दाबली गेली. श्वास आत जाईना. पायाखाली काहीतरी मऊ लागलं आणि ते माणूस आहे हे त्याला कळलं, पण पाय उचलायला जागा नव्हती. खालून दुकानाचा नोकर घसा फोडून ओरडत होता, "नक्को ढकलो! बच्चे हैं, नक्को ढकलो!" भामा त्याच्या कानाशी किंचाळत होती.

वरून शांताचा आवाज आला, वर्गातला, खणखणीत. "मुलींनो, खाली बसा! जिथे आहात तिथे बसा! मोठी माणसंही बसा!"

मुली बसल्या. त्यांना बघून मोठी बसली. जिन्यावरचा रेटा सैल झाला. तोवर खाली कुणी वाळू टाकून पेट्रोमॅक्स विझवलीही होती. पायाखाली सापडली होती ती शाळेतली कामाची बाई, चतुराबाई. ती वाचली, पण मांडीचं हाड मोडलं ते धड जुळलं नाही. पुढे ती काठीशिवाय चालली नाही.

दुसऱ्या दिवशी ताट तसंच ठेवून प्रभाकर शांताला म्हणाला, "मी एक जिना खोडलाय."

तिने सगळं ऐकून घेतलं. "मग परत काढा."

"आणि औरंगाबादला पाठवलं तर? तुझी नोकरी, भामाची शाळा..."

"भीती मलाही वाटते हो. काल पाय लटपटत होते, म्हणून खांबाला धरून ओरडले." तिने ताट त्याच्यापुढे सरकवलं. "पण चतुराबाईला भेटून या एकदा."

तो भेटून आला. नंतर कमिटीपुढे नकाशा उलगडला, तेव्हा त्यावर दोन जिने होते. हिम्मतरावांचा चेहरा उतरला. प्रभाकर बोलायला उभा राहिला खरा, पण टेबल धरूनच. आवाज मध्येच चिरकला. जिन्यावर काय झालं ते त्याने सांगितलं. पायाखाली कोण होतं तेही सांगितलं.

एका वयस्क व्यापाऱ्याने विचारलं, "दवाखान्यात आमच्या घरच्या बाया जाणार ना? हाच जिना चढून?"

"हो."

"तो फिर जिना रहने दो. पण दुकानं आम्हाला हवीतच."

दुकानांना जागा मिळाली ती व्हरांड्याची. प्रभाकरने तो स्वतःच्या हाताने काढून टाकला. दुसरा जिना मागच्या बाजूला गेला, पण राहिला.

नोव्हेंबरात हुकूम आला: औरंगाबाद. हिम्मतरावांनी वाईट शेरा लिहिला की नशिबानेच तसं ठरलं होतं, हे त्याला कधी समजलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. शाळेचं वर्ष पुरं होईपर्यंत शांता आणि भामा मागेच राहायच्या होत्या. काचीगुडा स्टेशनावर त्याने भामाचा हात इतका घट्ट धरला, की ती म्हणाली, "बाबा, दुखतंय."

गाडी सुटली. पाणी प्यायला म्हणून त्याने तांब्या उचलला, तर समोर ट्रंकेला टेकून हिम्मतराव बसलेले. साहेबी कोट नव्हता, केस विसकटलेले.

"साहेब, तुम्ही?"

"मला कोण विचारतंय?" हिम्मतराव म्हणाले. "माझंही नाव वरच्यांनी तिकडेच टाकलं." मग म्हणाले, "कोठीच्या इमारतीचा पाया खणायला घेतलाय. काल पाहून आलो."

"मागचा जिना?"

"त्याचाही."

प्रभाकरने शांताने दिलेला डबा उघडला आणि अर्ध्या भाकरी त्यांच्यापुढे केल्या. हिम्मतरावांनी घेतल्या. खाता खाता, अगदी हळू आवाजात, त्यांनी विचारलं, "औरंगाबादेत भाड्यानं घरं मिळतात का हो, उमरीकर?"

"माहीत नाही साहेब," प्रभाकर म्हणाला. "उतरल्यावर दोघं मिळून शोधू."