टांग्याचे तट्टू आणि कड्याची वाट

घोडेगावच्या बाजारातल्या एका दलालाने मला फसवले. डोंगरी म्हणून त्याने टांग्याचे तट्टू माझ्या गळ्यात मारले.

आमच्याकडे जनावराचा सौदा रुमालाखाली होतो. दोघांचे हात आत, बोटे दाबून भाव सांगायचा, आणि हात सुटले की शब्द फिरवायचा नाही. हात आत असले की नजर समोरच्याच्या तोंडावर खिळते, कारण तो कुठे ढिला पडतो ते पाहायचे असते. मी त्याचे तोंड मन लावून वाचले. जनावर वाचलेच नाही. लोणावळ्याच्या स्टेशनाबाहेर मोळ्या विकून वर आलेला मी, आणि ही चूक!

वर फुशारकीने त्याला सांगूनही बसलो, की भीमाशंकरच्या रानात मध गोळा करून कड्याकड्याने लोणावळे गाठणार. तिथल्या पारशी हॉटेलवाल्याची बोली होती: शुक्रवारी दुपारच्या नमाजाआधी चार डबे त्याच्या ओट्यावर पोचले, तर सगळ्या हंगामाचा मध माझ्याकडून. नाहीतर जो आधी आणील त्याच्याकडून.

पठारावर तट्टू झकास चाले. पण एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट कोकणात कोसळणारा कडा, अशी पाऊलवाट आली की चारही पाय रोवून उभे. चुचकारले, मारले, त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. शेवटी डबे उतरवून एकेक माझ्या पाठीवर पलीकडे नेला आणि तट्टूला ओढत नेले. असे तीन दिवसांत तीनदा. खांदे सोलून निघाले.

शुक्रवारी सकाळी राजमाचीच्या पुढे निघालो. आता थोडकीच वाट उरली होती, आणि तेवढ्यात पुन्हा तसलीच चिंचोळी जागा. पुन्हा डबे वाहिले असते तर दुपार तिथेच झाली असती. मी काठी उगारली. मागून म्हशी घेऊन धनगराची एक म्हातारी आली.

"काय भाई, तुमी घोड्याला नेताय का घोडं तुमाला?"

"मावशी, पुढं व्हा. डोकं तापलंय माझं."

"तापू द्या. उन्हाळाच हाय." ती तट्टूजवळ गेली, त्याच्या छातीवरून हात फिरवला. "ह्यो घट्टा बघितला न्हाई व्हय? पट्ट्याचा हाय. टांग्याचं घोडं ह्ये. डोळ्यांला झापडं लावून सडकंनं पळायचं, त्याला दरी कुटं ठावं? इतकं दिस काय बघत हुता तुमी?"

दलालाचे तोंड बघत होतो, हे मी तिला सांगितले नाही.

सौद्याचा तोच रुमाल खांद्यावर होता. त्याच्या जाड घड्या करून तट्टूच्या दोन्ही डोळ्यांच्या बाजूंना आडोसा बांधला. समोरची वाट तेवढी दिसत राहिली. मी चुच् केले. तट्टूने एक पाय टाकला, मग दुसरा, आणि चार डब्यांसह ती जागा अशी पार केली की जणू बाजाराचा रस्ता! मी मोठ्याने हसलो. म्हातारीच्या ओच्यात मधाचे अख्खे पोळे घातले.

तुंगार्लीचा उतार संपून सडक लागली, खडीवर नाल वाजले, आणि तट्टू दुडक्या चालीने सुटले. मी मागे धापा टाकत धावतोय, बाजारातली माणसे ओरडताहेत, "अहो, टांगा कुठं राहिला?" माझी छाती मात्र फुगलेली.

हॉटेलच्या ओट्यावर दलाल बसलेला. पुढ्यात मधाचा डबा.

"अरे, हा तर सांगत होता तू डोंगरात अडकला," हॉटेलवाला म्हणाला. त्याने दोन्ही मधांत एकेक बोट बुडवून चाटले. दलालाच्या डब्याकडे बघून तोंड वाकडे केले. "आ तो गूळ छे!"

तेवढ्यात मशिदीत बांग झाली. दलाल "गाडीची वेळ झाली" म्हणत डबा उचलून स्टेशनाकडे गेला. त्या हंगामाचा मध मी दिला, आणि पुढच्या कित्येक हंगामांचाही. ते तट्टू कुणाला विकले नाही. झापडे लावून ते तीच वाट वर्षानुवर्षे चालले.

दलाल अजून बाजारात बसतो. विचारले की म्हणतो, "हात सुटले, सौदा संपला." संपला, कबूल. तट्टू परत घे असे मी म्हणत नाही. पण छातीवरचा घट्टा तुला ठाऊक होता की नव्हता? आणि मी दरीच्या काठावर अडकलोय, हे लोणावळ्यात बसून तुला कसे कळले? येत्या बाजारी, चार माणसांदेखत, हात रुमालाबाहेर ठेवून याचे उत्तर दे.