अहो-जाहोचे सात महिने

मी शिव्या देत नाही. यात मोठेपणा काही नाही. वडील शिक्षक होते, घरात 'गाढवा'च्या पुढं कुणी गेलं नाही, आणि पुढं नोकरीही अशी लागली की बोलणं कमी आणि मोजणं जास्त. एका मशीन शॉपमध्ये मी तयार झालेला माल तपासतो. शाफ्ट मिलिमीटरच्या दोन शतांशानं जाड निघाला तरी तो माघारी पाठवतो. माणसांच्या बाबतीतही मी असाच आहे, असं बायको म्हणते.

माझा मित्र बरोबर उलटा. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. आमच्या गल्लीच्या तोंडाला त्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. पार शाहूवाडीपासून जळालेल्या पाण्याच्या मोटारी त्याच्याकडं येतात. कामावरून परतताना रोज अर्धा तास मी तिथं बसायचो. एकदा गंमत म्हणून मोजलं, तर अर्ध्या तासात त्यानं मला चौदा शिव्या दिल्या होत्या. त्यातली रागानं दिलेली एकही नव्हती. "सुक्काळीच्या, आज उशीर?" म्हणजे ये, बस. "रांडंच्या, तोंड का उतरलंय?" म्हणजे काय झालं ते सांग. आणि मी सांगायचो. कारखान्यातल्या कटकटी, पित्त, मुलीच्या लग्नाची काळजी, सगळं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मुलीला बघायला जयसिंगपूरहून पाहुणे आले. चौघं येणार म्हणून सांगून सातजण आले. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मी मित्राला फोन केला. दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या घेऊन तो दारातून आत आला तो बोलतच: "आरं भडव्या, पावण्यास्नी सतरंजीवर बसीवलास व्हय? लाज हाय का न्हाय, सुक्काळीच्या?"

मुलाच्या आईनं मान खाली घातली. मुलाचे वडील पंख्याकडं बघत राहिले. आठ दिवसांनी निरोप आला की योग दिसत नाही.

मी त्याच संध्याकाळी तडक दुकानात गेलो. तो कॉइलचे वेढे मोजत होता, समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत म्हटलं, "तुझ्या तोंडापायी माझ्या पोरीचं ठरता ठरता मोडलं. परत माझ्या घरी येताना जीभ सांभाळून ये."

त्याचा हात थांबला. "चुकलं," तो म्हणाला. "आता न्हाय व्हायचं."

दुसऱ्या दिवशी गेलो तर, "या. बसा."

मला वाटलं, चेष्टा करतोय. तिसऱ्या दिवशीही तेच. "कसं काय, बरं आहे ना?" 'हाय'सुद्धा नाही, 'आहे'! आमच्या कोल्हापुरात जिवाभावाचा माणूस अहो-जाहो करायला लागला, की समजायचं दार लागलं.

खरं सांगायचं, तर सुरुवातीला मला हे बरंच वाटलं. शिव्यांचे तोटे मला माहीत होते. माझा पुतण्या चार वर्षांचा असताना याच दुकानात एक शिवी शिकला आणि बालवाडीत बाईंनाच देऊन आला. कारखान्यात आमचा सुपरवायझर कंत्राटी पोरांना शिव्या देतो, तेव्हा त्यांचे चेहरे कसे होतात ते मी रोज बघतो. म्हटलं, सुधारला तर चांगलंच. पण 'तुम्ही'ला पित्त सांगता येत नाही. अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. घरची मोटर जळाली तेव्हा त्यानं ती सगळी कामं बाजूला ठेवून करून दिली आणि म्हणाला, "झाली आहे, घेऊन जा." त्या दिवशी घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

जून उजाडला. मुलीच्या लग्नाचा विषय पुन्हा निघाला, तेव्हा मी म्हटलं की या खेपेला खुर्च्या भाड्यानं आणू. मुलगी माझ्याकडं बघतच राहिली.

"बाबा, त्या मुलाचं दुसरीकडं जमलं होतं. त्यानंच मला फोनवर सांगितलं. घरी बोलायचं त्याला धाडस होत नव्हतं. मीच म्हटलं, योग नाही म्हणून कळव."

"मला का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही थेट काकांची मापं काढून आलात."

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी रीतसर माफी मागितली. काय झालं, माझं काय चुकलं, सगळं क्रमानं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असू द्या. माणसाकडून होतं. चहा घेणार?"

मी नको म्हणून पायऱ्या उतरलो. स्कूटरला किल्ली लावली. एवढं बोलून जर हा 'असू द्या' म्हणत असेल, तर उद्यापासून इथं यायचं कारणच उरलं नाही. मी परत वर चढलो आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "सुक्काळीच्या, किती दिवस छळणार हायस?"

तेवढ्यात दुरुस्तीला आलेल्या एका मोठ्या मोटारीमागून आवाज आला, "कोण हाय गा ते? रेडिओवर बातम्या दिल्यागत शिवी देतंय!"

मोटारीमागं त्याची आई लसूण सोलत बसली होती. ऐंशीच्या पुढची. लहानपणापासून आम्ही तिला आक्का म्हणतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मित्र मात्र खाली फरशीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"रांडंच्या," तो म्हणाला, "सात म्हैनं लावलंस!"

"सात महिने अकरा दिवस."

"मोजलंस व्हय, भडव्या?" मग डोळे पुसत म्हणाला, "माझ्या दुकानातल्या पोरास्नी मी कवा शिवी दिलेली ऐकलीस? त्यास्नी परत द्यायची सोय न्हाय. तुला हाय म्हणून तुला देतो. आन् तू गिऱ्हाइकापुढं मला साहेबागत बोललास. तवा एक हासडली असतीस, तर तितंच मिटलं असतं की मर्दा."

एवढी वर्षं मला वाटायचं, मी त्याला चालवून घेतोय. तोच मला बरोबरीचा धरून चालला होता. हे कळायला पन्नाशी उलटावी लागली; पण कळलं, आणि तो समोर बसलेला असताना कळलं, हे माझं नशीब.

मी आक्काकडं वळलो. "आक्का, चुकलं. तुम्ही बसलाय हे दिसलं नाही."

"दिसलं असतं तर काय दुसरी दिली असतीस?" ती म्हणाली. "तुमी शिव्या देता एकमेकाला, आन् त्या लागत्यात आमा बायकास्नी. सुक्काळीचा म्हंजी कुणाचा, कवा इचार केलास?"

मित्र फरशीवरून उठला आणि उगाच तार गुंडाळायला लागला.

"बस हितं," आक्कानं सूप माझ्याकडं सरकवलं. मी शेजारी बसून लसूण सोलायला घेतला.

"जाड साल काढाय लागलाय बघ, गाढव," मित्र आईला म्हणाला, आणि आम्हा दोघांसाठी चहा सांगायला बाहेर गेला.