मी मांडलेल्या बाटल्या

मी चौथी पास. कोथरूडहून बस पकडून एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला जायचे. तिथे औषध उंदरांवर तपासताना एक पद्धत होती. निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्यांत नुसतं पाणी. दिसायला दोन्ही सारखंच. कोणत्या आकड्याच्या बाटलीत काय, हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही. कळलं की डोळे हवं तेच बघतात, असं मोठे सर म्हणायचे. बाटल्या भरणं, आकडे चिकटवणं, यादी कुलपात ठेवणं माझ्याकडे. कशात काय, ते मला पाठ असायचं. हिला यातलं काही कळत नाही, म्हणून विश्वास.

औषध नागपूरकडच्या एका मुलीचं होतं. दोन वर्षं राबली होती. मी एकेक बाटली तिच्यासमोर मांडायचे. ती त्यातलं उंदरांना टोचायची आणि त्यांच्या पायाची सूज नजरेने ठरवून लिहायची. औषधवाल्या उंदरांची सूज उतरत होती, पाणीवाल्यांची नाही.

दर शुक्रवारी आपलं काम सगळ्यांपुढे मांडायचं आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. मी चहा घेऊन जायचे. तिचा नंबर आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "छान. आता दुसऱ्या कुणाला करू दे."

"करा ना," ती म्हणाली. घाबरली नव्हती.

दुसऱ्याने ते केलं तेव्हा मी रजेवर होते, सून बाळंत झाली होती. बाटल्या शिपायाने मांडल्या. औषध आणि पाणी सारखंच निघालं.

पुढच्या शुक्रवारी मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

"यादी बघितली होती का?" एकाने तिला विचारलं.

"नाही सर."

"मग तुमचेच उंदीर बरे आज्ञाधारक!" दोघेतिघे हसले.

मोठे सर माझ्याकडे वळले. "मावशी, यादी कुणाला दाखवलीत?"

"मी कशाला दाखवू?" मी म्हणाले. खरंच होतं. मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

सोमवारी दुसऱ्या कुणासाठी बाटल्या मांडताना माझं मलाच दिसलं. औषधाची बाटली मी दोन्ही हातांनी ठेवत होते, हळू. कुणाचे तरी कष्ट होते ना त्यात. पाण्याची एका हाताने, टक्कन. त्या मुलीसमोरही अशीच ठेवत असणार.

गप्प बसले. नोकरीची भीती वाटली, दुसरं काही नाही. शुक्रवारी मात्र सगळ्यांसमोर सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. भरणारा वेगळा, मांडणारा वेगळा, असा नियम त्याच दिवशी झाला. औषध लागू पडत नव्हतं ते नव्हतंच. पण मुलगी लबाड नव्हती.

ती बुधवारीच सोडून गेली होती. खराडीला कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत लागली म्हणे. "तिला कळवू," सर म्हणाले. कळवलं की नाही, मी विचारलं नाही.

माझे हात तिला कळत होते, की नुसत्या तिच्या डोळ्यांना, हे आता कोण सांगणार? घरी चहाचा कप ठेवतानाही मी आधी हाताकडे बघते. त्या शुक्रवारी ती माझ्याकडे बघत होती, तेव्हा माझे दोन्ही हात ट्रेला होते.