थुंकायच्या अटीवर

वाईन चाखणारा माणूस ती पीत नाही, थुंकतो, हे पटल्यावरच आईने मला ही नोकरी धरू दिली. माझे वडील एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहायचे आणि संध्याकाळी प्यायचे. आधी अंग दुखतं म्हणून, मग झोप येत नाही म्हणून, पुढे कारण सांगायचंही त्यांनी सोडून दिलं. मी कॉलेजात असताना ते गेले. त्यामुळे वाशीतल्या हॉटेलात कुठली वाईन घ्यायची ते मी ठरवणार, असं सांगितल्यावर आईने माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"घशाखाली थेंब उतरवायचा न्हाई. म्हण."

मी म्हणालो.

मित्र डोळे मिचकावतात, तुझी तर रोजच पार्टी म्हणतात. त्यांना काय सांगायचं कप्पाळ? मला प्रत्येक घोटाची भीती वाटते. ग्लास हलवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडभर खेळवायचा आणि बादलीत थुंकायचा. थुंकायच्या आधीच्या त्या क्षणी मी घसा आवळून धरतो. मी वडिलांसारखा चालतो, शिंकतोही त्यांच्याचसारखा. घसा कुणाचा घेतलाय, हे तपासून बघायची माझी छाती नव्हती.

जवळच नवा विमानतळ सुरू झाला तशी हॉटेलात बाहेरची माणसं उतरायला लागली आणि मालकांना भारी लाल वाईन ठेवायची हौस आली. विक्रेता बाटल्या घेऊन येणार होता. सगळ्यात महाग बाटलीच्या किमतीत आमच्या घरचा महिन्याचा किराणा आला असता. त्या सकाळी मी आईला म्हणालो, आज निवड चुकली तर मालक दुसरा माणूस बघतील. झालं. माझ्या प्रत्येक परीक्षेला तिने जे केलं, तेच केलं. दारात थांबवलं आणि तळहातावर दही-साखर ठेवली, साखरच जास्त. हॉटेल दोन गल्ल्या सोडून. तोंड पुसत मी पोचलो तेव्हा बाटल्या उघडून मांडलेल्या होत्या.

पहिली आंबट लागली. दुसरी कडू. सगळ्यात महाग बाटलीतला घोट तर हिरड्याच्या काढ्यासारखा जिभेला आवळून बसला. मी थुंकलो आणि मला घाम फुटला. एवढ्या नावाजलेल्या बाटल्या सगळ्याच वाईट कशा असतील? जीभच गेली की काय माझी? मालक माझ्या तोंडाकडे बघत होते आणि विक्रेता गालात हसत होता. काहीतरी बोलायला मी दात दाबले आणि दाढेत साखरेचा कण कुरकुरला. गोडानंतर अशी वाईन आंबट-कडूच लागते, हे नवख्यालाही ठाऊक असतं. मला आईपुढे आठवलं नव्हतं.

मी पाणी मागितलं, खळखळून चूळ भरली, कोरडा पाव चावत बराच वेळ बसून राहिलो. मग ती महागडी बाटली पुन्हा चाखली. आता पिकल्या जांभळाची चव आली, तिच्यामागून मिरीची हलकी झणझण, आणि मग काहीतरी ऊबदार, ज्याला नाव देता येईना म्हणून मी ते तोंडात धरून ठेवलं. नाव सापडेना. थुंकायला बादलीवर वाकलो तर तोंडात काहीच नव्हतं.

"घ्या ही," मी मालकांना म्हणालो. "पैसे वसूल आहेत. बाकीच्या राहू द्या." मालक खूश झाले. मला अजून एक घोट हवा होता.

घरी गेलो की आई पदराने माझं तोंड पुसते. तो वास घ्यायचा तिचा बहाणा, तिलाही माहीत, मलाही. त्या दिवशी ती जवळ आली तसा मी मागे सरलो आणि तिचा हात हवेतच राहिला.

"एक घोट गेला," मी म्हणालो. "मुद्दाम नाही."

ती खाली बसली. "कसा लागला?"

खोटं बोलता आलं असतं. "चांगला."

"तुझ्या बाला बी पयला घोट चांगलाच लागला हुता," ती म्हणाली. बोलायचं म्हणून मी तिला सकाळचा घोटाळा सांगितला, साखरेने सगळ्याच वाईन कशा कडू झाल्या ते. तिने मान वर करून ते नीट ऐकून घेतलं.

तेव्हापासून चाखायचं काम असलं की ती माझ्याआधी दारात उभी असते. वाटीत दही नावाला, साखर शीगभर. साखरेने काय होतं ते आता तिला पक्कं ठाऊक आहे. मी हात पुढे करतो.