चकचकीत फरशीचा रॅम्प

राहू गावाहून मामा आमच्या दौंडच्या कचेरीत तीनचाकी स्कूटरवर येतात. मागे व्हीलचेअर बांधलेली आणि खिशात गवंड्याचा टेप. दिसेल तो उतार मोजतात. "एक फूट चढायला बारा फूट लांबी पायजे," हे मी, इथला शिपाई, शंभरदा ऐकलंय. अपंगांच्या कायद्यासाठी हा माणूस दिल्लीत धरण्याला बसला होता. दिल्लीत कायदा झाला, आमच्या तीन पायऱ्या मात्र हलल्या नाहीत.

शेवटी एकदाचा रॅम्प झाला. सहा फुटांत उरकलेला आणि वर चकचकीत फरशी! उद्घाटनाला साहेब म्हणाले, "चला मामा, पहिला मान तुमचा. फोटो काढू."

मामांनी टेप काढलाच नाही. खुर्चीतून उतरून ते सरळ जमिनीवर बसले. "न्हाई साहेब, मान तुमचा. बसा."

फोटोवाला समोर होता, म्हणून साहेब हसत बसले. चाकं ढकलत अर्ध्यावर गेले आणि खुर्ची मागं घसरायला लागली.

"अरे, धरा, धरा!"

मी धावत जाऊन धरली.

"आमाला कोण धरतंय वो?" मामा खालून म्हणाले.

साहेब उठले आणि चालत वर गेले. रॅम्प नीट बांधायचा सोडून त्यावर कुंड्या मांडायला लावल्या! मामा अजूनही खाली उन्हातच थांबतात.

कुंड्यांना पाणी घालायचं काम माझ्याकडे दिलंय. मी घालत नाही.