काकूंच्या चौकातला लाल त्रिकोण

कर्र... खट. कर्र... खट. कागदावर पेन ओढून नकाशा काढणाऱ्या त्या यंत्राचा आवाज अजून माझ्या कानात आहे. नकाशांच्या ऑफिसात होतो म्हटलं की लोकांना वाटतं, तिथं कसली आलीय गंमत! मी तिथं दोनच वर्षं होतो, पण किस्से इतके साठलेत की नातवंडं म्हणतात, आजोबा, हा झालाय, पुढचा सांगा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बनारसला संकठा घाटामागच्या गलीत गोरेकाकूंच्या घराचा वरचा मजला आमचं ऑफिस काढणाऱ्या दामल्यांनी भाड्यानं घेतला. परदेशात लढाया झाल्या की जमिनीत सुरुंग राहून जातात. ते कुठे आहेत हे कॉम्प्युटरात नोंदवायचा एक प्रोग्रॅम होता. त्यात त्या त्या देशाचा नकाशा आणि मापं बसवून द्यायची, हे काम. आधी नमुना म्हणून आपल्या बनारसचा नकाशा बसवायचा, मग बाहेरून साहेब येऊन तपासणार. पास झालो तर खरं काम, नाहीतर ऑफिस बंद. दामल्यांनी त्यासाठी बँकेची नोकरी सोडली होती!

मी चौथी शिकलेला. चहा करायचो, यंत्राला कागद लावायचो. सगळे मला सदूकाका म्हणत.

खाली काकू राहायच्या. सोवळं कडक, जीभ त्याहून कडक. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एक तक्रार आली की तुमचं सामान गलीत.

*

पहिला नकाशा निघाला आणि दामले डोक्याला हात लावून बसले. संकठा घाट, त्याच्या पायऱ्या, काकूंचं घर, सगळं गंगेच्या पात्रात!

काकूंनी जिन्याखालून विचारलं, काय झालं. मी सांगितलं.

“मग त्यात काय,” काकू म्हणाल्या. “सावनात असतोच की घाट पाण्यात. तुमचा डब्बा जरा आधी बघतोय, एवढंच.”

दामल्यांनी मला समजावलं, की जुन्या नकाशाचं माप वेगळं आणि उपग्रहाचं वेगळं. आकडे एकाचे घेतले आणि हिशेब दुसऱ्याचा लावला, म्हणून सगळं पूर्वेला सरकलं. मला काही उमगलं नाही. मी काकूंना जसंच्या तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “दोन पंचांगांची एकादशी दोन दिवशी येते, तसं. आधी ठरवायचं ना, कुठलं मानायचं ते!”

मी वर जाऊन ते दामल्यांना सांगितलं. मग त्यांनी एक पंचांग ठरवलं, आणि घर नदीतून बाहेर आलं.

*

मग उपग्रहावरून जागेचे आकडे सांगणारं छोटं यंत्र आलं. ते भलतंच चंचल. गच्चीवर एका जागी ठेवलं तरी आकडे बदलायचे, जणू घरच चालतंय. दामले म्हणाले, सदूकाका, दिवसभर दर दहा मिनिटांनी आकडे लिहा, आपण सरासरी काढू. आणि यंत्र महाग आहे, एक क्षण एकटं सोडू नका.

मी नाही सोडलं. घाटावर स्नानाला गेलो तेव्हा गमछ्यात गुंडाळून नेलं. दर्शनाला नेलं. कचोरीच्या रांगेत नेलं. दर दहा मिनिटांनी लिहिलं, एकदाही चुकलो नाही.

संध्याकाळी सरासरी काढली. काकूंचं घर कचोरीवाल्याच्या कढईत आलं.

दामले मला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, “काका, उद्या दोघं मिळून बसू.” आणि बसले.

*

घर जागेवर आलं. आता नकाशावर सुरुंग दाखवायचे, पण बनारसला सुरुंग कुठले? दामले म्हणाले, काका, मोहल्ल्यात सांभाळून चालावं लागतं अशा जागा सांगा, त्याच घालू.

मी तीन सांगितल्या. सांड उभा असतो ते वळण. घाटाची शेवाळलेली पायरी. पांडेजींचा ओटा, जिथं थांबलं की ते स्वतःच्या कविता ऐकवतात. मग हळूच चौथी सांगितली. सकाळी सोवळ्याच्या वेळी काकूंच्या घरातला चौक.

दामले हसले आणि चार लाल त्रिकोण घातले. चौथा नंतर काढून टाकायचा ठरलं. राहून गेला.

*

साहेब आले. उंच, कमी बोलणारे. आधी बरीच वर्षं स्वतःच्या हातांनी सुरुंग काढत होते. म्हणाले, मी नकाशा घेऊन चालत जाणार. जे लिहिलंय ते तिथं सापडलं पाहिजे. एक जरी खोटं निघालं तर नापास.

वळणावर सांड होता. साहेबांनी टिक केली. पायरीवरून साहेब घसरले, उठून टिक केली. पांडेजींनी पाऊण तास सोडलं नाही. साहेबांना एक शब्द कळत नव्हता, पण त्यांनी मोठी टिक केली.

राहिला चौथा. दामले म्हणाले, हा चुकून पडलाय, सोडून देऊ.

साहेब म्हणाले, हा चुकून पडला असेल, तर बाकीचे तीन खरे कशावरून?

दामल्यांचा चेहरा उतरला. आम्ही काकूंच्या दाराशी आलो. काकू सोवळ्यात होत्या, चौकात नैवेद्याचे गहू वाळत घालत होत्या. साहेबांनी बुटासकट पाय उंबऱ्याच्या आत टाकायला उचलला.

“थांब,” काकू म्हणाल्या. “तिथंच.”

साहेबांना मराठी येत नव्हती. तरी पाय हवेतच राहिला. मग त्यांनी तो हळूच जिथून उचलला होता तिथं ठेवला, आणि मागे बघत, धुळीत उमटलेल्या आपल्याच पावलांवर एकेक पाऊल टाकत गलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. खिशातून पेन्सिल काढली आणि चौथी टिक केली.

आम्ही पास! दामल्यांनी डोळे मिटून घेतले.

“काय लिहिलं त्यानं?” काकूंनी मला विचारलं. “बघू.”

सोवळ्यात त्या कागदाला हात लावणार नव्हत्या, म्हणून मीच तो त्यांच्यासमोर धरला. त्यांनी घाटाजवळचं देऊळ ओळखलं, गली ओळखली, घर ओळखलं. बोट कागदापासून चार अंगुळं वर, लाल त्रिकोणापाशी थांबलं.

“हे कोणी सांगितलं?”

दामले वळणावरच्या सांडाकडे बघू लागले.

“मी, काकू,” मी म्हटलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग गलीत पाहिलं. साहेब अजून तिथंच उभे होते, हलायची परवानगी मिळेपर्यंत. काकूंनी पदर सारखा केला, “राहू दे तो त्रिकोण,” म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.