पान आपल्याकडे मिटायचं

कावेरीवन्सं गेल्याची बातमी मला बसच्या कंडक्टरने दिली. मी सकाळीच तिरुवैयारूला एका ओळखीच्या घरी गेले होते आणि परतीच्या गाडीसाठी थांब्यावर उभी होते. तंजावूरहून गाडी आली, माणसं उतरली आणि कंडक्टर सेल्वम खाली येऊन माझ्यासमोर उभा राहिला. एरवी मला पाहिलं की "वांग अम्मा", या बाई या, म्हणत तो पुढची जागा रिकामी करून द्यायचा. त्या दिवशी त्याने तोंडातली शिटी काढून खाकी खिशात घातली. "अक्का गेल्या, अम्मा... पंगतीची पानं धुऊन घेत होत्या. खुर्चीत बसल्या त्या बसल्याच." मग त्याने मला गाडीत बसवलं, शिटी वाजवली आणि सगळे थांबे घेत गाडी वेळेवर तंजावूरला आणली. माझं तिकीट फाडायला मात्र तो विसरला.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरचं, घरात बोलतात ती इथली जुनी मराठी. सगळं तंजावूर त्यांना अक्का म्हणायचं. मी साताऱ्याची, त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून 'वन्सं'च म्हणत राहिले, आणि त्यांना ते शेवटपर्यंत कोण्या भाजीचं नाव असावं तसं वाटत राहिलं. राजवाड्यामागच्या गल्लीत, एका ओस पडलेल्या छत्रात, म्हणजे जुन्या धर्मशाळेत, त्यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी एक घर चालवलं. त्याला पाटी होती, समिती होती, पण गावाला ते फक्त 'पिळ्ळैंग वीडु', पोरांचं घर, म्हणून ठाऊक. आता त्यांच्यावर माउली, वात्सल्यमूर्ती वगैरे लिहून येईलच. आलंही आहे. मी त्यांच्या घरात जवळजवळ पंधरा वर्षं काढली, म्हणून सांगते, वन्सं प्रेमळ नव्हत्या. पोरांचे कान त्या सढळ हाताने पिळत. कवड्यांच्या खेळात सहा वर्षांच्या पोराकडून हरल्या तरी त्यांचा दिवस वाईट जायचा. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या आणि अंगणातल्या गोंधळावर "गप!" म्हणून ओरडल्या की रस्त्यावरचा सायकलवाला खाली उतरायचा. त्यांचं सासर दोन वर्षांतच सुटलं होतं. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या घरात न विचारण्याला मान होता.

आमची पहिली भेट पानावरच झाली. लग्नानंतर इकडच्या नातेवाइकांसाठी जेवण होतं. केळीचं पान, त्यावर आंबटभात, चार भाज्या, पायसम. आमच्याकडे पत्रावळ असली की जेवून उठावं, उचलणारा उचलतो. इथं जेवण झाल्यावर प्रत्येक जण आपलं पान दुमडत होता, तेव्हा मीही शहाणपणाने माझं दुमडलं, खालची कड उचलून पलीकडे. सगळी पंगत माझ्या पानाकडे बघू लागली. सासूबाईंचा हात पान मिटता मिटता थांबला. माझ्या शेजारी बसलेल्या वन्संनी माझं पान उलगडलं, वरची कड धरून माझ्या बाजूला मिटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तिला काय माहीत अहे? तिच्या गावांत पत्रावळीवर जेवतात." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "असं नोको गे. पलीकडे मिटायचं ते मेलेल्याच्या जेवणाला. पुन्हा यायचं अहे, तर आपल्याकडे मिट." नव्या नवरीने लग्नघरात सुतकाचं पान मिटलं होतं! पुढची कितीतरी वर्षं आमचे हे मला त्यावरून चिडवत असत.

या पानाच्या रीतीवर वन्संनी त्या घराचा सगळा कारभार उभा केला होता, हे मला नंतर कळलं. स्टेशनवर, बसच्या अड्ड्यावर, मोठ्या देवळाच्या बाहेर पोरं असत. कोणी कॉफी क्लबात फडकी मारी, कोणी नुसताच फिरे. लग्नाकार्यांच्या जागी मागच्या भिंतीशी उष्टी पानं फेकली की ती पोरं मिटलेली पानं उघडून त्यातलं वेचून खात. म्हणजे त्यांनी आयुष्यात पानं पुष्कळ उघडली होती, पण मिटायला स्वतःचं पान कधी मिळालं नव्हतं. वन्संचं म्हणणं असं, की पोर आलं की आधी त्याला अख्खं पान मांडायचं, पंगतीत, सगळ्यांच्या बरोबर. आंघोळ नंतर. नाव नाही विचारायचं, गाव नाही, बाप नाही. जेवून तो निघून गेला तरी दार उघडंच. ज्या दिवशी तो आपलं पान आपल्याकडे मिटेल, त्या दिवशी समजायचं की हा पुन्हा येणार, राहणार. मग त्याला विचारायचं, "नाव काय रे तुझं?" नाव सांगितलं की चटई, चादर, शाळा. समितीतल्या बायकांना आंघोळीआधी पंगत पटत नव्हती आणि मलाही पटत नव्हती, हे इथंच सांगून टाकते. शिवाय पानाला काय कळतं, असंही मला वाटायचं. पण बहुतेक वेळा त्यांचं खरं ठरायचं. तिथली किती पोरं पुढे छापखान्यात लागली, वीणा करणाऱ्यांच्या हाताखाली शिकली, एकदोघं मास्तरही झाले. पुष्कळशी पळूनही गेली. एकजण तर आमच्याच घरातलं तांब्याचं घंगाळ घेऊन गेला. तो शेवटचा जेवून उठला तेव्हा त्याचं पान आपल्याकडेच मिटलेलं होतं, हे मी वन्संना अधूनमधून आठवण करून देत असे.

माझ्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील तेव्हा नऊदहा वर्षांचा एक काळासावळा मुलगा यायला लागला. रोज दुपारी यायचा, खाली मान घालून जेवायचा, आणि पान मिटायचाच नाही. ना इकडे, ना पलीकडे. अर्धा भात, भाजी तशीच ठेवून ते उघडं पान दोन्ही हातांवर सांभाळत मागच्या भिंतीपलीकडे स्वतः टाकायला जायचा. आठवडे गेले. नियमाप्रमाणे त्याला नाव विचारता येईना. समितीचे अध्यक्ष वकीलमामा, म्हणजे यांचे मामा, एकदा पंगत बघायला आले होते. ते म्हणाले, "कावेरी, हा नुसता जेवायला येतो. शिवाय अर्धं टाकतो. असल्यांसाठी घर नव्हे." वन्सं वाढतच राहिल्या. पण ते त्यांना लागलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो उठला तशी त्यांनी त्याचं मनगट धरलं. "मिट!" तो उभाच. "मिट म्हणते ना!" पानावरचा रस त्याच्या कोपरावरून ओघळत होता. त्याने मान हलवली. "तर उद्यापासून तुझं पान मांडायचं नाही," वन्सं म्हणाल्या. तमिळमध्ये म्हणाल्या, म्हणजे त्याला नीट कळावं म्हणून. तो पान घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी आला नाही.

त्या दुसऱ्या दिवशी मी लोणच्याची बरणी पोचवायला गेले होते. पंगत उठली होती. मागच्या बाजूला हात धुवायला गेले तर भिंतीपलीकडे, जिथं उष्टी पानं पडतात तिथं, बकऱ्यांच्या मध्ये एक मुलगी बसली होती. चार वर्षांची असेल. पडलेल्या मिटल्या पानांना ती हात लावत नव्हती. नुसती दाराकडे बघत होती. मी विचारलं, कोण गं तू? तर तिने मलाच विचारलं, "अण्णा उघडं पान आणणार आहे ना?"

मी आत जाऊन वन्संना सांगितलं. मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, त्या वेळी पाहिलं. बहीण इथं भिंतीशी, भाऊ कुठं ते ठाऊक नाही, आणि त्याला नावाने हाक मारावी तर नाव त्यांनी विचारलेलंच नव्हतं. त्या वाढपाच्या हातानेच निघाल्या. छत्री खुंटीवर, चपला दारात. मी मुलीला कडेवर घेऊन मागून. आधी बसचा अड्डा, मग बाजार, मग स्टेशन. भर दुपारच्या उन्हात पन्नाशीकडे झुकलेली शिवणाची मास्तरीण अनवाणी पायाने माणसांना सांगत होती, मुलगा, एवढा, पान न मिटणारा. लोक तिच्याकडे कसे बघत असतील याची कल्पना करा. स्टेशनसमोरच्या कॉफी क्लबात मालक आत कोणावर तरी खेकसला, "डेय सेल्वम, ते बाक पूस!" आणि फडकं घेऊन तोच मुलगा बाहेर आला.

त्याने पहिल्यांदा बहिणीकडे पाहिलं आणि मग वन्संकडे. पळून जायचं की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याने जे सांगितलं ते अगदी सरळ होतं. पान मिटलं की तुम्ही नाव विचारता. नाव सांगितलं की ठेवून घेता. तुमच्याकडे फक्त मुलगे ठेवतात. मग वळ्ळी कुठं राहणार?

वन्सं तिथंच बाकावर बसल्या. मालकाने पाणी आणून दिलं, ते त्या प्यायल्या नाहीत. "माझं चुकलं" असं त्या कधी म्हणाल्या नाहीत, तेव्हाही नाही. मग उठल्या, वळ्ळीला माझ्या कडेवरून स्वतःच्या कडेवर घेतलं आणि सेल्वमला म्हणाल्या, "चल. पान मिटू नकोस हवं तर."

वकीलमामा म्हणाले, नियम म्हणजे नियम, मुलगी ठेवता येणार नाही. वन्संनी तिला आमच्या स्वयंपाकघरात आणून उभं केलं. "ही इथं राहील." मला विचारलं नाही. मला राग आला होता आणि तो पुष्कळ दिवस टिकला. माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी, कोणाची कोण पोर! यांच्याकडे तक्रार केली तर हे म्हणाले, "अक्का सांगटली मणजे झालं," आणि पेपर वाचायला लागले. वळ्ळी आट्टुकल्लूपाशी, म्हणजे आमच्या वाटायच्या दगडाशेजारी, निजायची आणि डोळे उघडले की माझ्या पदराचा शेव शोधायची. असं किती दिवस रागावून राहता येतं? पुढच्या वर्षी समितीने मुलींसाठी खोली काढली, वन्संनी भांडभांडून काढायला लावली, तेव्हा वळ्ळीला तिकडे पाठवायला मीच नकार दिला. तिने आमच्या घरात आमची मराठी उचलली, तीही इथली. माझी सातारची तिला हसू आणायची.

त्या दिवसानंतर वन्संनी पानांकडे बघणं सोडून दिलं. दारात आलेल्या पोराला त्या आधीच विचारत, "नाव काय? आणि बाहेर कोण बसलंय?" पानावरची परीक्षा गेली, पण मिटायची रीत राहिली. वळ्ळीला उघडी पानं तेवढी ठाऊक, म्हणून वन्सं तिच्या हातावर हात ठेवून मिटायला शिकवत, वरची कड आपल्याकडे. पलीकडे मिटायची रीत तिला त्यांनी दाखवलीच नाही. लहान पोरीला कशाला, म्हणत. सेल्वम मात्र कधीच शिकला नाही. घरात राहिला, शाळा शिकला, कंडक्टर झाला, स्वतःच्या मित्राच्या लग्नातसुद्धा पान उघडं ठेवून उठला. सवयच ती. वन्सं त्याला चिडवायच्या, "अजून कोण बसलंय रे बाहेर तुझं?" आणि कोणी त्याची ओळख विचारली की म्हणायच्या, "हा सेल्वम. ह्याला मी नाव विचारलेलं नाही. कॉफी क्लबवाल्याकडून फुकट कळलं." तो हसायचा. मला त्यात थट्टेपेक्षा जास्त काही असावं असं नेहमी वाटलं, पण तेही मी विचारलं नाही.

वन्संच्या दिवसांचं जेवण त्या घरातच झालं. तशी त्यांची इच्छा होती की नाही माहीत नाही, पण दुसरीकडे कुठं करणार? गेलेली, राहिलेली, बाहेरगावी नोकरीला लागलेली कितीतरी मुलं आली होती. अंगणात पंगत बसली. वकीलमामा आता थकले आहेत, काठी टेकत आले आणि वळ्ळीच्या शेजारी बसले. जेवण झालं. माणसं पानं मिटू लागली, पलीकडे, जशी मिटायची असतात. वळ्ळीने वरची कड धरली आणि आपल्याकडे मिटलं.

"अगे, आज तसं नोको," वकीलमामा हलकेच म्हणाले. "आज पलीकडे."

"मला पलीकडे येत नाही, मामा," वळ्ळी म्हणाली. "अक्का मला एकच सांगटली. पुन्हा यायचं अहे तर आपल्याकडे."

मामांनी नियम सांगितला नाही. त्यांचं स्वतःचं पान अजून उघडंच होतं. ते त्यांनी आपल्याकडे मिटलं. मग मीही. ज्या चुकीने मी या गावात आले होते तिच्या बरोबर उलटी चूक मी त्या दिवशी समजून उमजून केली, आणि मला रडू आलं. त्याआधीच्या सगळ्या दिवसांत आलं नव्हतं.

सेल्वम समोरच्या रांगेत होता. कामावरूनच आला होता, अंगावर खाकी. तो नेहमीसारखा पान दोन्ही हातांवर घेऊन उठेल असं मला वाटलं. तो उठला नाही. पानाकडे बघत बसला. मग ज्याला हे काम कधी करावं लागलेलं नाही अशा माणसाने करावं तसं, जरा चुकत, जरा फाटू देत, त्याने वरची कड आपल्याकडे ओढून पान मिटलं आणि त्यावर हात ठेवला.

आता कोणीतरी विचारायला हवं होतं. विचारणाऱ्या वन्संची खुर्ची रिकामी होती. मी उठून त्याच्यासमोर गेले.

"नाव काय रे तुझं?"

त्याने मान वर केली.

"सेल्वम," तो म्हणाला.